'विंग्ज' पाहताना चेहऱ्यावरचं ऊन आणि मागचे ढग बघा

विल्यम वेलमन यांचा 'विंग्ज' 1927 चा. पहिल्या महायुद्धातल्या अमेरिकन लढाऊ वैमानिकांवरचा हा मूकपट आहे आणि पुनर्संचयित प्रत जवळजवळ अडीच तास चालते. 16 मे 1929 ला पहिल्यांदाच ऑस्कर पुरस्कार दिले गेले, तेव्हा सर्वोत्तम चित्रपटाचा मान याला मिळाला. त्यामुळे चित्रपटांच्या इतिहासात रस असलेले अनेक जण तो 'एकदा बघायचा' म्हणून लावतात, सुरुवातीच्या प्रेमाच्या चौकोनात अडकतात आणि अर्ध्या तासात बंद करतात. या चित्रपटाचा खरा ऐवज आकाशात आहे. हवेतल्या लढाया बहुतांशी हवेतच, खऱ्या विमानांनी आणि खऱ्या नटांना वर नेऊन चित्रित केल्या आहेत. हे नुसतं ऐकून माहीत असणं वेगळं आणि पडद्यावर ओळखता येणं वेगळं. काय बघायचं हे कळलं, तर जवळपास शंभर वर्षांपूर्वीचा हा चित्रपट आजच्या संगणकी विमानयुद्धांपेक्षा जास्त अंगावर येतो.

चेहरा आणि उडतं विमान एकाच चौकटीत

1926 साली दिग्दर्शकापुढचा मोठा प्रश्न नटाच्या चेहऱ्याचा होता. विमान दुरून टिपणं फारसं अवघड नव्हतं. दुसऱ्या विमानात कॅमेरामन बसवला की झालं. पण वैमानिकाची भूमिका करणाऱ्या नटाचा चेहरा जवळून दाखवायचा, तर त्या काळची सोपी रीत म्हणजे जमिनीवर लाकडी घोडीवर विमानाचा सांगाडा ठेवायचा, समोर मोठा पंखा लावायचा आणि दोन माणसांनी शेपटी हलवायची. पडद्यामागून आधी चित्रित केलेलं आकाश दाखवायचं तंत्र स्टुडिओंमध्ये रुळलं ते 1930 नंतर.

वेलमन स्वतः पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढाऊ विमान उडवलेले. घोडीवरचं विमान त्यांना पटणारं नव्हतं. त्यांचे मुख्य छायाचित्रकार हॅरी पेरी यांनी मोटरवर चालणारा कॅमेरा थेट विमानाच्या सांगाड्यावर, नटाकडे तोंड करून बसवला. विमान दोन आसनांचं. एका आसनात खरा वैमानिक, दुसऱ्यात नट. खरा वैमानिक विमान उंचीवर नेऊन स्थिर करायचा आणि मग वाकून चौकटीबाहेर जायचा. कॅमेरा सुरू करायचा खटका नटाच्या हातात. त्या क्षणापासून नट एकटाच कॅमेरामन, दिग्दर्शक आणि अभिनेता, शिवाय काही शॉटमध्ये वैमानिकही.

प्रमुख नटांपैकी रिचर्ड आर्लन यांनी युद्धकाळात ब्रिटिश हवाई दलात कॅनडात प्रशिक्षण घेतलेलं होतं. चार्ल्स 'बडी' रॉजर्स यांना मात्र विमानाचा गंधही नव्हता. ते चित्रीकरणाच्या जागीच उडायला शिकले आणि उतरल्यावर त्यांना उलट्या व्हायच्या. पडद्यावर त्यांचा चेहरा कधी कधी पांढराफटक दिसतो, त्यात अभिनयाचा वाटा किती आणि पोटातल्या मळमळीचा किती हे सांगणं कठीण आहे.

या पद्धतीत वेळ फार तोकडा मिळायचा, आणि त्याचा हिशेब फिल्मच्या लांबीवर चालतो. 35 मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात 16 चौकटी, म्हणजे 16 स्थिर चित्रं, बसतात. त्या काळच्या छोट्या कॅमेऱ्यात 100 फुटांचं रीळ मावायचं, म्हणजे 1600 चौकटी. सेकंदाला 20 चौकटींच्या वेगाने ते 80 सेकंदांत संपतं. 400 फुटांचा डबा लावला तर सव्वापाच मिनिटं मिळतात, पण वजन आणि आकार वाढतो. कॅमेऱ्याने वारा अडतो, तो नाकाकडे बसवला तर विमानाचा तोल पुढे सरकतो आणि वळणात विमान जड लागतं. त्यात इंजिनाच्या थरथरीने चित्र हलतं, उडालेलं तेल लेन्सवर बसतं, किंवा नट नकळत सीटमध्ये खाली सरकतो आणि कपाळ चौकटीतून कापलं जातं. यातलं काय बिघडलं हे वर असताना कळत नाही, कारण टिपलेलं बघायची सोय नव्हती. फिल्म धुऊन आल्यावर कळायचं, तोवर ऊन आणि ढग दोन्ही बदललेले असायचे.

आता पडद्यावर ही गोष्ट कशी ओळखायची? नटाच्या चेहऱ्यावरच्या उजेडाकडे बघा. विमान कलंडून वळलं की सूर्य चेहऱ्याच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकतो. दुपंखी विमानाच्या वरच्या पंखाची सावली कपाळावरून हनुवटीपर्यंत सरसर उतरते आणि पुन्हा वर जाते. त्याच वेळी मागचं क्षितिज तिरपं होतं. सावली आणि क्षितिज यांचा मेळ अचूक असतो, कारण दोन्ही एकाच हालचालीने बदलतात. स्टुडिओत क्षितिज तिरपं करता येतं, पण सूर्य जागचा हलत नाही. कोणत्याही जुन्या विमानपटाला ही कसोटी लावून बघा, दोन मिनिटांत निकाल लागतो.

दुसरी खूण म्हणजे पंखांमधल्या तारा. दुपंखी विमानाचे पंख आधारखांब आणि ताणलेल्या तारांनी बांधलेले असतात. खऱ्या उड्डाणात त्या तारा बारीक कंप पावतात आणि गोता घेताना कंप वाढतो. तिसरी खूण सर्वांत मोठी: नटाच्या खांद्यामागे दूरवर दुसरं विमान दिसतं आणि ते वळत वळत जवळ येतं. चेहरा, आपलं विमान आणि शत्रूचं विमान एका चौकटीत, मध्ये कुठेही कात्री नाही. असा शॉट आला की थांबवून परत बघावा.

ढगांसाठी खोळंबलेलं युनिट

चित्रीकरण टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या परिसरात झालं, साधारण सप्टेंबर 1926 ते एप्रिल 1927. लष्कराने विमानं, वैमानिक आणि हजारो पायदळ सैनिक दिले होते. अंदाजपत्रक 20 लाख डॉलरच्या घरात, तेव्हाच्या मानाने अवाढव्य. आणि एवढा पसारा उभा असताना वेलमन जवळजवळ महिनाभर आकाशातलं एकही महत्त्वाचं दृश्य घेईनात, कारण वर ढग नव्हते. स्टुडिओचे साहेब हवालदिल झाले. स्वच्छ निळं आकाश, विमानं तयार, मग अडलंय कुठे?

वेलमन यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. दोन विमानं ताशी 200 किलोमीटर वेगाने शेजारी शेजारी उडत असतील, तर एकातून दुसऱ्याकडे बघताना सापेक्ष वेग शून्य असतो. मागे नुसतं मोकळं आकाश असेल तर दुसरं विमान जागच्या जागी टांगल्यासारखं दिसतं. वेग, उंची, अंतर यांपैकी काहीच कळत नाही, आणि दूरवरची झुंज म्हणजे माश्यांचा घोळका वाटतो. मागे ढग आले की डोळ्याला मापदंड मिळतो. जवळचा ढग झपाट्याने मागे पडतो, दूरचा हळू सरकतो, आणि या फरकातून मेंदू अंतर आणि वेग दोन्हीचा अंदाज घेतो. विमान ढगात शिरलं की ढग किती मोठा आहे हेही उमगतं.

यात फिल्मचाही भाग होता. त्या काळची साधी कृष्णधवल फिल्म निळ्या रंगाला फार संवेदनशील होती, त्यामुळे निळं आकाश पडद्यावर पांढरं यायचं आणि पांढरे ढग त्यात विरून जायचे. सगळ्या रंगांना प्रतिसाद देणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म त्याच सुमारास वापरात येत होती. तिच्यासोबत पिवळा किंवा लाल फिल्टर लावला की आकाश करडं होतं आणि ढग उठून दिसतात. म्हणजे ढग असणं पुरेसं नव्हतं. ते योग्य उंचीवर, सुटे सुटे, भरीव कापशी ढग हवेत आणि सूर्य अशा कोनात हवा की ढगांना उजळ आणि काळी अशी दोन्ही अंगं दिसतील. पूर्ण झाकोळलेलं आभाळही निरुपयोगी, कारण मग चेहऱ्यावर सावल्याच पडत नाहीत.

आणि हे सगळं जुळलेलं असताना वर विमानांत रेडिओ नव्हता. कोण कुठून येणार, कोण कधी वळणार, कोण धूर सोडत खाली जाणार हे जमिनीवर आधी ठरवायचं, वर गेल्यावर फक्त हाताच्या आणि पंख हलवायच्या खुणा. एखादा वैमानिक पाच सेकंद उशिरा वळला तर तो कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर. मग सगळ्यांनी खाली यायचं, इंधन भरायचं आणि पुन्हा वर जायचं.

विमानामागे कॅमेरा गुळगुळीत फिरवण्यासाठी एक खास यंत्र वापरलं गेलं, एकली कॅमेरा. निसर्ग-अभ्यासक कार्ल एकली यांनी तो जंगलातले पळते प्राणी टिपण्यासाठी बनवला होता. वरखाली आणि डावी-उजवीकडे फिरवताना तो झटके न देता सरकतो. त्यात 200 फूट फिल्म मावायची. गोता घेणाऱ्या विमानाचा कॅमेरा अखंड पाठलाग करतो आणि विमान चौकटीच्या मधोमध राहतं, असे शॉट दिसले की त्यामागे अशी यंत्रणा आणि वर्षानुवर्षं तेच काम केलेला हात असतो.

पडद्यावर दिसतात ती विमानं कोणती

कथेत अमेरिकन वैमानिक स्पॅड उडवतात आणि जर्मन फोकर. प्रत्यक्षात 1926 पर्यंत उडण्याजोगी युद्धकालीन विमानं मोजकी उरली होती. म्हणून लष्कराच्या ताफ्यातली विमानं रंगवून उभी केली. स्पॅडच्या जागी बऱ्याच ठिकाणी थॉमस-मोर्स एमबी-3 दिसतं. हे आखूड, बसकं विमान स्पॅडच्याच घराण्याच्या इंजिनावर चालायचं, त्यामुळे ते फारसं खटकत नाही. जर्मन फोकर डी-7 म्हणून मात्र कर्टिस पी-1 हॉक वापरलं आहे, आणि ते ओळखणं सोपं आहे. खऱ्या फोकर डी-7 चं नाक जुन्या मोटारगाडीसारखं सपाट, समोर उभा रेडिएटर, आणि पंख सरळ आयताकृती. हॉकचं नाक टोकदार, रेडिएटर नाकाखाली हनुवटीसारखा लोंबणारा, आणि पंख टोकाकडे निमुळते. फोकरचं इंजिन 160 ते 185 अश्वशक्तीचं, हॉकचं 400 च्या वर. म्हणूनच पडद्यावरचे 'फोकर' कधी कधी इतिहासाला न पटणाऱ्या जोमाने वर चढतात. जर्मनांचं अवाढव्य गोथा बाँबफेकी विमान म्हणजे खरं तर अमेरिकन मार्टिन बाँबर.

याने चित्रपटाची किंमत कमी होत नाही. उडणारं विमान खरं, त्यातला माणूस खरा, ही अट पाळायची तर तडजोड विमानाच्या जातीत करणं शहाणपणाचंच होतं. गोंधळ होऊ नये म्हणून खुणांवर लक्ष ठेवा: जर्मनांवर काळे क्रॉस, अमेरिकनांवर वर्तुळाकार चिन्ह, आणि नायक जॅकच्या विमानावर निखळत्या ताऱ्याचं चित्र. ते चित्र आधी त्याच्या मोटारगाडीवर येतं, ते चुकवू नका. शेवटाकडे कोण कुणाच्या विमानात आहे याला फार महत्त्व येतं. त्यापुढचं इथे सांगत नाही.

एक तपशील बघताना मनात असू द्या. पेटलेल्या विमानातला वैमानिक उडी का मारत नाही, असा प्रश्न आजच्या प्रेक्षकाला पडतो. युद्धात दोस्त राष्ट्रांच्या लढाऊ वैमानिकांना पॅराशूट दिलंच जात नव्हतं. जर्मनांना ते 1918 मध्ये मिळू लागलं. मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंगकर ब्रिटिशांच्या 23 क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन उडवायचे. जून 1918 मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर त्यांचं विमान पडलं आणि त्या जखमांनी त्यांचा मृत्यू झाला. पडद्यावरच्या त्या उघड्या कॉकपिटमध्ये आपल्याकडचीही माणसं बसली होती.

विमान मुद्दाम पाडायचं कसं

जमिनीवर आदळणारी विमानं हा या चित्रपटाचा सर्वांत धोक्याचा भाग. ते काम डिक ग्रेस या वैमानिकाने केलं. विमान पाडणं हाच त्याचा व्यवसाय होता, आणि त्यामागे पक्कं गणित होतं.

ताशी 100 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 28 मीटर. या वेगातलं विमान 1 मीटरमध्ये थांबलं, तर आतल्या माणसावर गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ 39 पट जोर येतो. तेच 10 मीटरमध्ये थांबलं तर जोर चौपटीच्या आसपास राहतो. म्हणजे सगळी कारागिरी एका गोष्टीत आहे: थांबण्याचं अंतर वाढवायचं. त्यासाठी विमानाचे भाग एकामागून एक मोडले पाहिजेत. आधी चाकांचा सांगाडा, मग पंखाचं टोक, मग पंख, मग नाक. मोडणारा प्रत्येक भाग थोडी थोडी ऊर्जा खातो. म्हणून चाकांचे खांब आधीच करवतीने अर्धवट कापून ठेवतात. कॉकपिटभोवती मात्र पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवतात, म्हणजे बाकी सगळं चुरगळलं तरी माणसाभोवतीची जागा शाबूत राहते. आजच्या मोटारगाड्यांची रचना याच तत्त्वावर असते.

स्पॅडच्या अपघातात गणित जमलं. ते लाकडी सांगाड्याचं विमान, मोडायला राजी. फोकरच्या वेळी फसलं. त्याचा सांगाडा मुळातच पोलादी नळ्यांचा, आणि अर्धवट कापलेला चाकांचा भाग ठरल्याप्रमाणे कोसळला नाही. जे अंतर मोडतोडीत जायला हवं होतं ते गेलंच नाही आणि सगळा धक्का ग्रेसच्या अंगावर आला. तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला, आणि मग कळलं की मान मोडली आहे. डॉक्टरांनी वर्षभर प्लास्टर सांगितलं, त्याने ते सहा आठवड्यांत काढून टाकलं. हे शौर्य म्हणून सांगितलं जातं, पण त्या काळी स्टंट करणाऱ्या माणसापाशी दुसरा उपाय किती होता हाही विचार करावा. याच चित्रीकरणात लष्कराचा एक वैमानिक जिवाला मुकला. पुढे 'हेल्स एंजल्स' या 1930 च्या विमानपटाच्या चित्रीकरणात तर अनेक जीव गेले. या शॉट्सचं कौतुक करताना ही किंमत वगळता येत नाही.

गिरक्या घेत खाली जाणारी विमानं मात्र बहुतेक वेळा पूर्ण ताब्यात असतात. वैमानिक इंजिन मंद करून नाक उचलतो, विमानाचा वेग इतका कमी होतो की पंख हवा धरेनासे होतात, आणि त्याच क्षणी तो एका बाजूचं रडर (शेपटीवरचं सुकाणू) दाबतो. विमान गरगरत खाली निघतं. बाहेर यायला उलट बाजूचं रडर, दांडी पुढे, गिरकी थांबली की हळूच नाक वर. दर फेऱ्याला दोन-तीनशे फूट उंची सहज जाते, म्हणून सुरुवात भरपूर उंचीवर करतात आणि जमीन जवळ यायच्या आत शॉट तोडतात. पडद्यावर कात्री नेमकी कुठे लागते ते बघा.

सेंट मिहिएल

उत्तरार्धातली जमिनीवरची लढाई 12 सप्टेंबर 1918 ला सुरू झालेल्या, फ्रान्समधल्या सेंट मिहिएलच्या हल्ल्यावर बेतली आहे. या हल्ल्यासाठी दोस्तांनी 1481 विमानं गोळा केली होती. सॅन अँटोनिओजवळच्या कॅम्प स्टॅन्लीत खंदक खणून, जमिनीवर तोफा डागून खड्डे पाडून रणभूमी तयार केली. वेलमन एका मचाणावर बसून बटणांनी स्फोट घडवत होते. पायदळाच्या पुढे पुढे सरकत जाणारी स्फोटांची रांग बघा. ती वरून येणाऱ्या विमानांच्या वेळेशी जुळवलेली आहे, आणि ऊन टिकेल तेवढ्या काही मिनिटांत हे सगळं उरकायचं होतं. वरून टिपलेल्या शॉटमध्ये विमानाची सावली सैनिकांवरून जाते, तिथे उंची किती कमी आहे याचा अंदाज येतो.

प्रत निवडताना

बराच काळ हा चित्रपट हरवलाच असं मानलं जात होतं. मग पॅरिसच्या चित्रपट संग्रहालयात प्रत सापडली. पॅरामाउंटने 2012 मध्ये पुनर्संचयित केलेली प्रत सुमारे 144 मिनिटांची आहे, तीच घ्या. नेटवर फिरणाऱ्या फिकट प्रतींत ढगांची काळी-उजळ अंगं धुऊन निघालेली असतात, म्हणजे ज्यासाठी महिनाभर थांबले तेच गायब. माणसं तुरुतुरु चालताना दिसली तर समजा की प्रतीचा वेग चुकीचा आहे. मूकपटांचा वेग ठरलेला नसायचा, आणि सेकंदाला 18-20 चौकटींनी टिपलेली फिल्म 24 ने पळवली की असं होतं.

चांगल्या प्रतीत पेटलेल्या विमानांच्या ज्वाळा आणि बंदुकांच्या ठिणग्या नारिंगी दिसतील. तो आजचा उपद्व्याप नाही. 1927 च्या प्रतींतही हँडशिगल पद्धतीने, म्हणजे साच्याने फिल्मवरच रंग उमटवून, ते रंग चढवलेले होते. मोठ्या थिएटरांत हवाई दृश्यांना प्रोजेक्टरची खास लेन्स लावून चित्र एकदम मोठं करायचे, पडदे बाजूला सरकायचे आणि आकाश भिंतभर पसरायचं. त्यामुळे हा चित्रपट मोबाइलवर अजिबात बघू नका. दूरच्या झुंजीतली विमानं तिथे ठिपके होतात. घरात असेल तो सर्वांत मोठा पडदा, खोलीत अंधार, आणि मध्यंतरानंतरचा भाग एका बैठकीत.

नवीन प्रतीत संगीतासोबत इंजिनांचे, बंदुकांचे आवाज घातले आहेत. पहिल्यांदा ते ऐकतच बघा. नंतर पहिली मोठी हवाई लढाई आवाज बंद करून पुन्हा लावा. आवाज डोळ्याला सांगतो की आता वेग आहे, आता धोका आहे. तो काढला की उजेड, सावली, ढग आणि तारांचा कंप एवढ्यावरच सगळं उभं राहतं, आणि पेरी यांनी कॅमेरा कुठे बांधला होता हे शॉट-शॉटमध्ये कळायला लागतं: कधी नाकावर मागे तोंड करून, कधी मागच्या आसनावरून पुढे बघणारा, कधी शेजारच्या विमानात.